हारातला हिरवा कागद

नंद्या, तुझ्या तेराव्याला तीन वेगवेगळ्या माणसांनी मला विचारलं, फोटो कुणी काढलाय, काय जिवंत आलाय. मी मान खाली घालून "मीच" म्हटलं. एकाने तर पाठ थोपटली. मित्राच्या तेराव्याला स्वतःच्या कामाचं कौतुक ऐकून घेणारा आणि आतल्या आत थोडा सुखावणारा माणूस कसा असतो, हे तुला वेगळं सांगायला नको. चौदा वर्षं तू त्याच्या शेजारच्या खोलीत बसलेलास.

अशा वेळी लोक गेलेल्या माणसाबद्दल फार गोड लिहितात. मला ते जमणार नाही. तू काही गोड नव्हतास. चहात बिस्किटं बुडवून गाळ उरलेला कप तू माझ्या कीबोर्डला टेकवून ठेवायचास. पंख्याची हवा तुला सोसायची नाही म्हणून मी चौदा मे महिने घामात काढले. आणि तुला मला एक गोष्ट विचारायची होती, ती तू दोन वर्षं विचारली नाहीस. त्याचा मला राग आहे. हे मी रागानेच लिहितोय. ज्यांना आपली भानगड माहीत नाही त्यांना कळावं म्हणून मधेमधे थोडं समजावून सांगीन, तेवढं चालवून घे.

डोंबिवलीजवळ कोपरला, पिठाच्या गिरणीवर आपल्या दोन खोल्या. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि माऊसचा बाण आपोआप पुढे सरकायचा. बाहेरच्या खोलीत तू एडिटर, म्हणजे घोडबंदर रोडच्या सेटवर शूट झालेली मालिका कापून-जोडून तिचा भाग तयार करणारा. आतल्या खोलीत मी कंपोझिटर, म्हणजे खोटं ते खरं करून दाखवणारा. सेटवरच्या खिडकीबाहेर हिरवा पडदा असायचा, तिथे मी झाडं लावायचो, चाळ उभी करायचो, समुद्र आणायचो. मोबाइलच्या कोऱ्या पडद्यावर मेसेज उमटवायचो. नायिकेच्या भावाला छतावरून लटकवणारी तार पुसायचो.

आणि घोळ घालायचो. हे मी अभिमानाने सांगतो असं तुझं म्हणणं होतं. सकाळच्या नाश्त्याच्या प्रसंगात मी खिडकीतून सूर्यास्त दाखवलेला. तार पुसताना एकदा नायिकेचं मंगळसूत्रही पुसलं, आणि तेही सलग तीन भाग. चॅनेलला कळलं नाही, दिग्दर्शकाला कळलं नाही. कल्याणजवळच्या मोहन्याहून तुझ्या आईचा फोन आला, "काय रे, हिचा नवरा गेला का? मला कसं कळलं नाही?" तेव्हा तू एवढा हसलेलास की खालून गिरणीवाला बघायला आला. काकींना सगळं दिसायचं. त्या मालिका बघायच्या नाहीत, तपासायच्या. तुझा तो गुण तिकडूनच आलेला.

कारण तुझा एक नियम होता. मी शॉट पूर्ण केला की तो रेंडर करायचा, म्हणजे मशीनकडून पक्का बनवून घ्यायचा, हार्ड डिस्कवर घ्यायचा आणि बाहेर आणून तुझ्या हातात द्यायचा. तू तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चार सेकंदांचा असला तरी तीनदा बघायचास. मग मान वर न करता म्हणायचास, "बघितलं." तुझं "बघितलं" आल्याशिवाय काहीच पुढे जात नसे. काही खटकलं तर त्या जागी टाइमलाइनवर, म्हणजे पडद्यावरच्या शॉट्सच्या पट्टीवर, एक लाल मार्कर लावायचास, त्यात दोन शब्द लिहायचास. "हात हलतोय." "सावली कुठेय." आणि मार्करचाही नियम. ज्याने लावला त्यानेच काढायचा. मी एकदा काम करून तुझा मार्कर परस्पर उडवला तर तू अख्खी दुपार माझ्याशी बोलला नाहीस. काम झालं की नाही हे विचारणारा ठरवतो, करणारा नाही, असं तू म्हणालास. मी म्हटलं, हे तू मोहन्याच्या कंपनीच्या भोंग्यातून शिकलास का. तुझे बाबा तिथे होते. कंपनी बंद पडल्यावरही ते भोंग्याच्या वेळेला डबा घेऊन निघायचे, ही गोष्ट तू मला एकदाच सांगितलेलीस आणि मी ती विनोद म्हणून चार ठिकाणी सांगितली. तेही तुला कळलं असणारच.

मग ते सॉफ्टवेअर आलं. म्हणजे मी आणलं. एकातच सगळं. त्याच खिडकीत एडिट, त्याच खिडकीत कंपोझिटिंग. वर कडी म्हणजे तुम्ही काम करत असताना ते मागच्या मागे रेंडर करत राहणार. टाइमलाइनच्या डोक्यावर लाल रेघ असते, ती बघता बघता निळी होत जाते. निळी झाली की तेवढा तुकडा तयार. माझ्या खोलीत मी शॉट बदलला की तुझ्या खोलीत तो आपोआप बदलणार. डिस्क नको, देणं-घेणं नको, थांबणं नको. मी तुला ते दाखवताना नव्या नवरीला घर दाखवतात तसं दाखवत होतो.

तू अर्धा तास बघितलंस आणि म्हणालास, "अव्या, मधे एक दार असू दे रे."

"दार कशाला? भिंत पाडली की हॉल मोठा होतो," मी म्हटलं. "डोंबिवलीत सगळे पाडतात."

"दार असलं की माणूस उघडताना बघतो, पलीकडे काय आहे."

आपलं हे भांडण आठ महिने चाललं. शेवटी मी जिंकलो, आणि कसा जिंकलो हे आठवलं की मला माझीच लाज वाटते. मी तुझ्या अडाणीपणावर विनोद करत करत जिंकलो. सेटवर, ठाण्याच्या ऑफिसात, कल्याणला तुझ्या मामेभावाच्या लग्नात. नंदूला अजून कात्री लागते, नंदू पेन ड्राइव्हला कुंकू लावतो. लोक हसायचे. तू पण हसायचास. एके दिवशी तूच म्हणालास, टाक बाबा ते मशीनमध्ये.

आता तो फोटो.

मालिकेत नायिकेचे वडील वारलेले दाखवायचे होते. म्हणजे ते पडद्यावर कधी येणारच नव्हते, फक्त भिंतीवर. पण वडील म्हणून कोणाचा चेहरा घ्यायचा हे प्रॉडक्शनचं ठरत नव्हतं. शूट तर थांबत नाही. मग कला विभागाने काय केलं, फ्रेममध्ये हिरवा कागद लावला, फ्रेमला खराखुरा झेंडूचा हार घातला आणि भिंतीवर टांगली. नायिका त्या हिरव्या कागदाकडे बघून आठवडाभर रडली. चेहरा नंतर मी बसवायचा. प्रकाश कसा पडेल ते तपासायला मी तुला सेटवर हिरव्या कपड्यासमोर उभा केला. पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. तू मला घाई करत होतास, "लवकर काढ, माझी आई वाट बघतेय." त्या वाक्याच्या मधेच मी क्लिक केलं. तोंड मिटायच्या आधीचा, काहीतरी सांगायचं राहिलेला चेहरा. तुझा आयुष्यातला एकमेव चांगला फोटो.

पुढे प्रॉडक्शनने एका म्हाताऱ्या ज्युनियर आर्टिस्टचा फोटो पाठवला. तो मी बसवला, ते पहिलं व्हर्जन. आणि मग मला राहवलं नाही. दुसरं व्हर्जन केलं, त्यात हाराच्या आत तुला बसवलं. फार सुंदर बसवलं. काचेवरची चमक दिली, झेंडूची सावली तुझ्या कपाळावर टाकली. एका क्लिकने हे व्हर्जन, एका क्लिकने ते. तू बाहेर भाग बघत होतास, मी आत क्लिक केलं, आणि तुझ्या पडद्यावर नायिका तुझ्याकडे बघून रडायला लागली.

तू खोडरबर फेकून मारलास. हसलास. मग हसणं थांबलं आणि म्हणालास, "काढ ते. आईने बघितलं तर मरेल." मी काढलं. तुझ्यासमोर पहिलं व्हर्जन लावलं. तू पुन्हा पूर्ण भाग बघितलास, बावीस मिनिटं. बघितलं, म्हणालास. मग घड्याळ बघितलंस. काकींना कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, मोतीबिंदूसाठी. भाग त्याच संध्याकाळी जायचा होता, आपली मालिका कायम तेवढीच काठावर असायची. निघताना दारात चप्पल घालत म्हणालास, "लॉक केलंय. हात लावू नकोस. चारला एक्स्पोर्ट कर, एकदा बघ आणि पाठव."

यानंतरचं मी तुझ्या तेराव्यापर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं.

साडेतीनच्या सुमारास पुढच्या भागाच्या डबिंगला निघालेल्या दोन मुली येऊन थांबल्या. मालिकेत आत्या आणि मोलकरणीचे आवाज द्यायच्या. बसल्या, कंटाळल्या. मी म्हटलं, गंमत बघायची का. आणि क्लिक केलं. त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या. एकजण म्हणाली, अव्या सर, तुम्ही काय माणूस आहात. नंद्या, माझ्यामुळे आयुष्यात कोणी असं हसलं की मी विकला जातो. मी त्यांना काचेवरची चमक दाखवली, सावली दाखवली, चहा मागवला. चहा आला, गप्पा झाल्या, त्या आवाज द्यायला गेल्या. पहिलं व्हर्जन परत लावायचं राहूनच गेलं. वरची लाल रेघ तोवर गपचूप निळी झालेली. मागच्या मागे मशीनने माझी गंमत नीट तयार करून ठेवली, कारण त्याला गंमत आणि काम यातलं काही कळत नाही. चारला मी एक्स्पोर्टचं बटण दाबलं. एकदा बघायचं होतं, ते बघितलं नाही.

सव्वाचारला तुझा फोन आला. मागे दवाखान्यातला गलका.

"पाठवलंस?"

"पाठवलं."

"बघितलंस?"

"बघितलं," मी म्हटलं.

तुझा शब्द होता तो. मी तो तुझ्याच तोंडावर खोटा वापरला, आणि वापरताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

संध्याकाळी मोहन्यात काय झालं ते दुसऱ्या दिवशी तू मला हसत हसत सांगितलंस, म्हणजे हसायचा प्रयत्न करत. काकींच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलेलं, त्यांना सगळं धुरकट दिसत होतं. नायिका भिंतीपाशी गेली, फोटो आला, तेव्हा त्यांना आधी वाटलं औषधाचा परिणाम. तुला म्हणाल्या, "नंदू, मला सगळीकडे तूच दिसतोयस रे." तू आत हात धूत होतास. बाहेर येईपर्यंत प्रसंग संपलेला. मग दारावर थाप पडली. शेजारच्या बाई हातात पिठलं-भाताचं पातेलं घेऊन उभ्या. ज्या घरात कोणी गेलं त्या घरात चूल पेटत नाही म्हणून त्यांनी घाईघाईने आणलेलं. दार तूच उघडलंस. बाई गोंधळल्या आणि पातेलं तुझ्याच हातात देऊन म्हणाल्या, "असू दे, आईला चार घास भरव." आणि रडत निघून गेल्या.

ते पिठलं-भात तू खाल्लंस का, हे मी तुला कधी विचारलं नाही. एवढा साधा प्रश्न.

चार दिवसांनी ठाण्याच्या ऑफिसात आपल्याला बोलावलं. प्रॉडक्शनचे साहेब. त्यांच्या टेबलावर फ्रेमचा स्क्रीनशॉट ठेवलेला, त्यात तू हारात. साहेब तुला म्हणाले, "टीव्हीवर यायची हौस होती तर मला सांगायचं, एखाद्या हवालदाराचा रोल दिला असता." त्यांनी गृहीतच धरलेलं, भाग लॉक तू केलास, फोटो तुझा, म्हणजे उद्योग तुझा. तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही, एका शॉटभर. मी वर एसीकडे बघत होतो. त्यात एक पट्टी तुटलेली होती, ती मला अजून आठवते.

मग मी बोललो. बोललो नसतो तर बरं झालं असतं. म्हणालो, "सर, नंदूची चूक नाही. सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे. बॅकग्राउंड रेंडरने जुनं व्हर्जन उचललं."

साहेबांना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं की अविनाश मित्राला वाचवायला बघतोय. मला म्हणाले, तुम्ही व्हीएफएक्स चालू ठेवा, एडिटर आम्ही दुसरा देतो. म्हणजे खोटं बोलून माझं नाव चांगलं झालं, आणि तुझं गेलं ते गेलंच. खाली रस्त्यावर आल्यावर तू फक्त विचारलंस, "खरंच तसं होतं का रे, सॉफ्टवेअरमध्ये?"

मी म्हटलं, "कधीकधी होतं."

दुसऱ्या दिवशी तू कोपरला तुझं सामान न्यायला आलास. माझ्या जुन्या फाइल्स घेतो म्हणालास आणि मशीनसमोर बसलास. मला तिथे बसवेना, म्हणून मी वडापाव आणायला खाली गेलो. दहा मिनिटांचं काम, अर्धा तास लावला. परत आलो तर तू पिशवी भरून दारात उभा. वडापाव घेतलास, खाल्लास, चटणी तिखट आहे म्हणालास. आणि कल्याणला लग्नाचे व्हिडिओ कापायला निघून गेलास. मालिका कापणारा माणूस वरमाईचे मानपान कापायला लागला. मी तुला भेटायला दोनदाच आलो. दोन्ही वेळा तू काम करत होतास आणि मी विनोद सांगत होतो.

पण फोन यायचे तुझे. रविवारी दुपारी. "अव्या, मी पुन्हा करून बघितलं. दोन व्हर्जन केली, एक लावलं, मागे रेंडर होऊ दिलं, एक्स्पोर्ट केलं. तसं होत नाही रे." आणि मग तू गप्प व्हायचास. फोनवर मला तुमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. मला ते गप्प बसणं सहन व्हायचं नाही. मी त्यात काहीतरी भरायचो. ड्रायव्हर जुना असेल, गिरणीमुळे व्होल्टेज कमीजास्त झालं असेल, नव्या अपडेटमध्ये हे दुरुस्त केलंय म्हणे. एकदा तर मी रेंडरच्या कॅशेवर तुला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस. "बरं," म्हणालास. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन. "पुन्हा करून बघितलं. तसं होत नाही."

मला वाटायचं, वेड लागलंय याला. सॉफ्टवेअरला गुन्हेगार ठरवायला निघालाय. मी घरी बायकोला सांगायचो, नंद्या अजून तपास करतोय. हसायचो सुद्धा.

आणि त्या मंगळवारी तू गेलास. कसा गेलास ते इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

चौथ्या दिवशी मी कल्याणहून शेअर रिक्षाने मोहन्याला आलेलो. काकी खाली बसलेल्या, भिंतीला टेकून. मला म्हणाल्या, "अविनाश, एक चांगला फोटो दे रे त्याचा. घरात एक धड नाही. तुझ्याकडे असेल." मग चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "त्या टीव्हीवाल्यांनी तेव्हाच हार घातला त्याला. जिवंत माणसाला. ज्याने ते केलं त्याचं…" आणि थांबल्या. शिवी द्यायची त्यांना सवय नाही. तो चहा मी संपवला. चांगला झालेला, आलं घातलेलं.

घरी येऊन जुनी डिस्क लावली, तो भाग उघडला. तुझा फोटो त्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये होता. कापलेला, स्वच्छ केलेला, तयार. टाइमलाइनवर त्या शॉटवर गेलो तर तिथे एक लाल मार्कर. तू निघून गेलास त्यानंतर मी तो भाग कधी उघडलाच नव्हता, उघडायची हिंमत नव्हती. मार्करवर क्लिक केलं. तुझे दोन शब्द नव्हते, या वेळी एक ओळ जास्त होती.

"३:४० ला व्हर्जन बदललं. मी तेव्हा डॉक्टरकडे. अव्याला विचारायचं."

मशीन मागच्या मागे जे काही बनवतं, त्या प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहिलेली असते. मला ते माहीत होतं. तुला माहीत नाही असं मी धरून चाललेलो, कारण तू अडाणी आहेस हा माझा विनोद मला स्वतःला पटलेला. मी वडापाव आणायला गेलो त्या अर्ध्या तासात तू ते शोधलंस, लिहिलंस, आणि मग माझ्या हातचा वडापाव खाल्लास.

म्हणजे ते रविवारचे फोन तपासाचे नव्हतेच. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू दर महिन्याला मला विचारत होतास. "तसं होत नाही रे," आणि गप्प. ती जागा माझ्यासाठी सोडलेली असायची. दोन वर्षं तू माझ्यासमोर तेच एक दार ठेवत होतास आणि मी प्रत्येक वेळी भिंत आहे असं समजून तिच्यावर रंग काढत होतो.

पण नंद्या, सरळ विचारायला काय झालेलं तुला? मार्करमध्ये लिहिलंस ना, विचारायचं. मग विचारायचं होतंस. कॉलर धरायची होतीस. मी खोटं बोललो असतो आधी, मला ओळखतोस तू, पण दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर रडलो असतो, तिसऱ्यांदा ठाण्याला जाऊन साहेबांना सांगितलं असतं. कदाचित. लोक म्हणतील, केवढा मोठा माणूस, मित्राला मनातल्या मनात माफ केलं. मी सांगतो, माफ वगैरे काही केलं नाहीस. कामावर लाल मार्कर ठेवलास आणि ते पूर्ण व्हायची वाट बघत बसलास. एडिटरच तू शेवटपर्यंत. आणि मी काम केलं नाही.

फोटो मोठा करताना मी पहिल्यांदा झेंडूची सावली पुसली. तुझ्या कपाळावरची. मग काचेची खोटी चमक काढली. पाठीमागे साधा राखाडी रंग ठेवला. तुझा अर्धवट उघडा राहिलेला ओठ मिटवता आला असता, पाच मिनिटांचं काम, मी तसाच ठेवला.

तेराव्याला दुपारी जेवणं झाली, पाहुणे उठले. फ्रेम अजून कोपऱ्यात पाटावर होती, ती भिंतीवर लावायची राहिलेली. काकी आणि मी. शेजारच्या त्याच बाई आत भांडी आवरत होत्या. मी खिळा ठोकला. हातोडी खाली ठेवली आणि काकींना सगळं सांगितलं. डबिंगच्या मुली, चहा, फोनवरचं "बघितलं", ठाण्याचा एसी, सॉफ्टवेअर, मार्कर. सांगताना माझ्या सवयीने एक-दोन जागी विनोद आला. तो मी गिळला, पण आला होता हे मला माहीत आहे.

आतला भांड्यांचा आवाज थांबलेला.

मग काकींनी विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि मी दोन वर्षं टीव्हीला शिव्याशाप देत बसले. त्याच्यासमोर," त्या म्हणाल्या. "तो काही बोलला नाही. तुझं नाव काढलं की म्हणायचा, अव्या येईल एक दिवस, बोलेल."

मी त्यांच्या पायाशी वाकायला गेलो. त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही, आपण गरम तव्यापासून बोट मागे घेतो तसे.

"फ्रेम लाव," म्हणाल्या. मी लावली. हाराचं पुडकं त्यांच्या मांडीवर होतं. सुटा केलेला हार त्यांनी माझ्याकडे धरला. "घे. हारात पहिल्यांदा तूच बसवलंस त्याला. आता घालणारही तूच."

मी घातला. झेंडू ताजा होता, हाताला पिवळा रंग लागला. मागून काकींचा आवाज आला, "दारापर्यंत मागे जा आणि नीट बघ. सरळ आहे का?"

मी दारापर्यंत गेलो. बघितलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तुझ्या पद्धतीने, तीनदा. डावी बाजू जराशी खाली होती, ती नीट केली आणि पुन्हा बघितलं. काकी उत्तराची वाट बघत होत्या. एकच शब्द म्हणायचा होता, आणि नंद्या, तोच माझ्या तोंडातून निघेना. मी नुसती मान हलवली.

तू असताना मोहन्याहून मी डब्याशिवाय कधी परत आलो नव्हतो. त्या दिवशी काकींनी डबा दिला नाही, आणि पुन्हा ये असंही म्हणाल्या नाहीत. दोन्ही बरोबरच आहे.

तो भाग मी अजून बंद केलेला नाही. मार्करमध्ये तुझ्या ओळीखाली मी माझी लिहिली. "मी बदललं. दोन मुलींना हसवायला. पाठवताना बघितलं नव्हतं." एवढंच. लिहून झाल्यावर वरची लाल रेघ मागच्या मागे निळी होत गेली, शेवटच्या फ्रेमपर्यंत. ती आपोआप होते. तुझा मार्कर तसाच आहे, लाल. मला एका क्लिकने काढता येईल, पण ज्याने लावला त्यानेच काढायचा.